गरिबीचा नकाशा पोडापर्यंत यावा

महोदय,
नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानाचे १२ निकष लावतो, पण आकडा जिल्ह्यापाशीच थांबतो. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याची बाजारपेठ आणि झरी जामणी तालुक्यातला कोलाम आदिवासींचा पोड (गावाबाहेरची लहान वस्ती) त्या एकाच आकड्यात बसतात. आमच्याच ग्रामपंचायतीत मुख्य गावात नळ आला. पोडावरच्या बाया मात्र उन्हाळ्यात अजून पाझरत्या झिऱ्याकाठी पाण्याचा गुंड (घडा) भरायची वाट पाहत बसतात. कागदावर गाव एकच!

२०११च्या सामाजिक-आर्थिक आणि जात गणनेत दारी मोटारसायकल असली की कुटुंब गरिबांच्या यादीबाहेर. आमच्या शेजाऱ्याची तशीच गत झाली. गाडी केव्हाच भंगारात गेली, चार एकर कोरडवाहू पऱ्हाटी (कपाशी) आणि सावकाराचं देणं उरलं. नाव काही यादीत आलं नाही.

पोड, तांडा, वस्ती यांचा वेगळा नकाशा करा आणि निधी वाटण्याआधी तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. कोणाची चूल कधी पेटत नाही हे आशाताईला, अंगणवाडीच्या बाईला तोंडपाठ असतं. त्यांना कोणी विचारतच नाही. ग्रामसभेत चुका निघतील, भांडणंही होतील. होऊ द्या.

– एक शेतकरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ