नाना, तुमची दोनशे पानी वही अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं केलं, आणि मी "नानांमुळे मी आज इथे आहे" एवढंच म्हणून खाली बसले. पुढे शब्दच फुटेना. घरी जाताना पार्किंगमध्ये टूल रूमचे एक जण भेटले, ते सहज बोलून गेले, "तुझ्या एन्क्वायरीच्या वेळी नानांना बोलावून सांगितलं होतं, रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत, कशाला पडता यात." हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही कधी बोलला नाहीत. म्हणून हे पत्र लिहायला बसले, आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सातपूरच्या आमच्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार नग तपासायला. दोनशे चाळीस नगांचा एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला, त्यातल्या नऊ नगांचं बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठं निघालं. लॉटवर ओके टॅग माझ्या सहीचा. दुसऱ्या दिवशी आमच्याच विभागातल्या एका सहकाऱ्याने लेखी तक्रार दिली, की मॅडमनी गेज (माप तपासायचं साधन) न लावताच टॅग लावले, मी सांगायला गेलो तर मला अपशब्द बोलल्या. मी नमुन्याचे वीस नग तपासले होते, आणि त्या दिवशी त्याच्याशी माझं बोलणंच झालं नव्हतं. पण माझं कोण ऐकणार? गेटवरच निलंबनाचं पत्र हातात ठेवलं.

ते पत्र मी घेणार नव्हते. रागाने हात थरथरत होते. तुम्ही पहिली शिफ्ट सोडून गेटपर्यंत आलात आणि हळूच म्हणालात, "पोरी, पत्र घे. नाही घेतलंस तरी दिलं असंच धरतील, वर नकार दिला म्हणून अजून एक कलम लावतील. खाली लिही, मजकूर मान्य नाही, फक्त पोच दिली. तारीख घाल, वेळ घाल." ती ओळ लिहिली तेव्हा त्याचं महत्त्व मला कळलं नव्हतं. त्या दिवशी मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढं एकच.

संध्याकाळी तुम्ही पावसात सायकलवरून घरी आलात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती वही काढलीत. दोनशे पानी, समास आखलेली, शाळेतल्या मुलांची असते तशी. मला वाटलं तुम्ही विचाराल, तू खरंच गेज लावलं होतंस का? सासूबाईंनीसुद्धा विचारलं होतं. तुम्ही नाही विचारलंत. म्हणालात, "त्या दिवशी सकाळी सातपासून काय काय केलंस ते आज रात्रीच लिहून काढ. आठवतं तेवढंच लिही. जिथे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असं लिही. उद्या आठवण सोयीची होते."

रात्री अडीचपर्यंत लिहीत होते. त्या लिहिण्यातच मला आठवलं, की वीस नगांची मापं मी आधी कच्च्या कागदावर घेतली होती आणि रिपोर्ट शिफ्ट संपताना उतरवून काढला होता. आमच्याकडे सगळेच करतात, पण नियमात बसत नाही. ते मला लपवायचं होतं. तुम्ही वाचलंत, लाल शाईने त्या ओळीखाली रेघ मारलीत आणि म्हणालात, "हे खुलाशात पहिलं लिहायचं. तू नाही सांगितलंस तर ते लोक सांगतील, आणि मग तुझ्या गेजवरही कुणी विश्वास ठेवणार नाही." मी त्यावरून तुमच्याशी भांडले होते. माफ करा, नाना.

कंपनीची चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र, आली तेव्हा मी बिनधास्त होते. खरं काय ते मला ठाऊक होतं ना! तो भ्रम तुम्ही मोडलात. हरियाणातल्या एका बस कंडक्टरचा १९७७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तुम्ही मला सांगितलात. ज्या प्रवाशांवरून आरोप झाला त्यातला एकही साक्षीला आला नव्हता, तरी कंडक्टरची नोकरी गेली ती गेलीच. फौजदारी खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा कंपनीच्या अंतर्गत (घरगुती) चौकशीत लागत नाही, दोन्हींपैकी काय जास्त संभवतं एवढंच बघतात. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

आणि पहिल्या तारखेला जायचंच नाही असं मी ठरवलं होतं, हेही सांगून टाकते. लाज वाटत होती. विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढलं होतं, शेजारणी "रजा काढलीय का?" विचारत होत्या, अर्ध्या पगारात घराचा हप्ता भागत नव्हता. तुम्ही समजावलंत, "तू नाही गेलीस तर एकतर्फी चालेल, आणि कागदावर फक्त त्यांचंच येईल. पहिले नव्वद दिवस निम्मा पगार, त्यानंतर आपल्यामुळे उशीर झाला नसेल तर पाऊण. तो हक्क आहे, १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यातला. मागायला लाजू नको." (तेव्हा तोच कायदा लागू होता.) बचावासाठी त्याच विभागातला कामगार सोबत घेता येतो, हेही तुम्हीच सांगितलंत. मी विचारलं, कोण येईल माझ्यासोबत? तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "मी त्याच विभागातला आहे की."

सात तारखा झाल्या. त्यातल्या चार तुमच्या तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात आल्या. सकाळी सातला सुटून तुम्ही घरी न जाता अकरापर्यंत सिक्युरिटीच्या बाकावर बसून राहायचात, मांडीवर वही, डोळे लाल. एका पानावर एक प्रश्न, खाली उत्तरासाठी मोकळी जागा. कामकाजाच्या प्रत्येक पानावर सही करण्याआधी तुम्ही ते संपूर्ण वाचायचात. चौकशी अधिकारी घड्याळाकडे बघायचे. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "साहेब, दोन मिनिटं. साक्षीदार 'बहुतेक' म्हणाला होता, तो शब्द राहिलाय." आणि तो शब्द लिहिला जायचा.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गेजचं रजिस्टर. कंपनीने दिलेल्या कागदांच्या यादीत ते नव्हतंच. कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. तुम्ही पहिल्या तारखेलाच लेखी अर्ज देऊन ते मागवलंत, टूल क्रिबमधून, म्हणजे हत्यारं-गेज ठेवायच्या खोलीतून, कोण कोणतं गेज कधी नेतं याची नोंद. त्यावर हरकत घेतली गेली. तुम्ही तोच अर्ज परत दिलात, पोच घेतलीत. तिसऱ्या तारखेला ते रजिस्टर टेबलावर आलं, तेलाचे डाग पडलेलं, कोपरे दुमडलेलं. त्या लॉटचं प्लग गेज (भोकात घालून तपासायचं), माझं नाव, एक वाजून दहा मिनिटांनी दिलं, दोन वीसला परत. ते लिहिणाऱ्या माणसालाही तुम्ही साक्षीला बोलावलंत, कारण कागद कुणी लिहिला हे सांगायला माणूस समोर हवा, असं तुमचं म्हणणं.

मग उलटतपासणी. तक्रार देणारा तो पोरगा समोर बसला, घाम फुटलेला. तुम्ही आधी त्याच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवलात. "घाई नाही, आठवून सांग." तू कुठे उभा होतास? हातात काय होतं? गेज कुठे होतं? तो म्हणाला, गेज क्रिबमध्येच होतं, मॅडमनी त्या दिवशी आणलंच नाही. तुम्ही ते उत्तर लिहून घ्यायला लावलंत, मोठ्याने वाचायला लावलंत, आणि म्हणालात, "मला आणखी काही विचारायचं नाही."

मी टेबलाखालून तुमचा शर्ट ओढला होता. मला हवं होतं की तुम्ही त्याला विचारावं, मग खोटं का बोललास? बाहेर आल्यावर मी रडायलाच लागले. तुम्ही म्हणालात, "तो प्रश्न विचारला असता तर त्याने काहीतरी सारवासारव केली असती, आणि पानावर आलेलं बिघडलं असतं. आणि अगं, तो कंत्राटी आहे. डीबरिंगला, म्हणजे नगांच्या कडा साफ करायला, तोच होता, लॉटचं खापर त्याच्यावर फुटणार होतं. घाबरला पोरगा." तेव्हा मला तुमचा राग आला होता. त्याच्या बाजूने बोलता म्हणून. आज सांगते, त्याला मी माफ केलंय असं नाही. पण कॅन्टीनमध्ये समोर आला तर आता माझी मान वळत नाही, आणि ते तुमच्या त्या वाक्यामुळे.

निकाल येण्याआधी चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत मागायची, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. १९९३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तो हक्क खाजगी कारखान्यातल्या कामगारालाही दिलाय. अहवालात गेज न लावल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, अपशब्दाचाही नाही. मापं नंतर उतरवल्याचा भाग सिद्ध, कारण तो मीच कबूल केला होता. त्यावर लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या फाइलमध्ये आहे आणि ती बरोबर आहे. आता मी मापं थेट रिपोर्टवरच लिहिते.

कामावर परतले त्या सकाळी मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही माझ्या टेबलावर गेज ठेवलंत, त्याची गो बाजू, नो-गो बाजू फडक्याने पुसून, आणि आपल्या मशिनकडे निघून गेलात. पेढे घेऊन आले तर "आधी लॉट बघ" म्हणालात.

नाना, मला फक्त नोकरी वाचल्याबद्दल आभार मानायचे नाहीत. त्या पाच महिन्यांत माझ्या नवऱ्याचा, माझ्या भावाचाही मनात कुठेतरी किंतु होता, आणि मला तो दिसायचा. तुम्ही मला निर्दोष आहेस असं एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही माझं म्हणणं शब्दन् शब्द कागदावर येईल याची राखण केलीत. मला तेच हवं होतं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मागच्या आठवड्यात प्रेस शॉपमधली एक मुलगी माझ्याकडे आली, हातात चार्जशीट, चेहरा उतरलेला. तिच्या विभागाची मी नाही, त्यामुळे चौकशीत सोबत बसता येणार नाही. पण त्या रात्री मी तिच्या घरी गेले आणि तिला म्हटलं, आठवतं तेवढंच लिही.

रविवारी वहिनींना भेटायला येते आहे, वही घेऊन. तिच्या शेवटी चाळीसेक पानं कोरी आहेत. ती मी ठेवून घेऊ का?

तुमची,
इन्स्पेक्शनवाली