ट्रक रात्रभर गेटबाहेर का उभा होता, तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ट्रान्सपोर्टच्या धंद्यातला माणूस, गाड्या थोड्याच आहेत पण वर्षं बरीच झाली. ट्रक पळवला, माल लंपास झाला अशी बातमी पेपरात आली की मी आधी शेवटची ओळ वाचतो, कारण तिथे ठरलेलं वाक्य असतंच, "चालकाची चौकशी सुरू आहे". चौकशी जरूर करा, पण बातमी तिथेच संपते आणि वाचणाऱ्याचा समज होतो की ड्रायव्हर फितूर झाला म्हणून चोरी झाली, बाकी सगळे सज्जन.

हा समज माझाही होता. एकदा आमच्या कंटेनरमधनं दाराजवळची काही खोकी कमी निघाली, सील मात्र शाबूत, नंबर बिल्टीवरच्या, म्हणजे मालासोबतच्या पावतीवरच्या, नंबरशी तंतोतंत जुळणारा, मग काय, मी ड्रायव्हरला धरलं आणि नको नको ते बोललो. तो एवढंच म्हणत राहिला, "शेठ, दार तरी बघा ना एकदा." शेवटी बघितलं. दाराचं हँडल ज्या रिव्हेटवर बसतं तो रिव्हेट बाकीच्यांपेक्षा नवा होता, वरनं कंटेनरच्याच रंगाचा हात मारलेला, नखाने खरवडलं तर रंग नखात आला, अजून धड वाळलाही नव्हता. म्हणजे सीलला कोणी हातच लावला नव्हता, रिव्हेट ड्रिलने काढला, हँडल सीलसकट बाजूला केलं, माल उतरवला, नवा रिव्हेट ठोकला आणि रंग लावून गेले. ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये झोपलेला. गाडी कुठे उभी होती, तर जिथे माल उतरवायचा त्याच गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला, लायनीत.

ड्रायव्हरची माफी मागितली, ते सोपं नव्हतं पण असो.

तेव्हापासून आमच्याकडे सील नुसतं बघून भागत नाही, नंबर वाचायचा, सील ओढायचं, पिळून बघायचं, आणि मग हँडल, बिजागऱ्या, रिव्हेट सगळ्यावरनं हात फिरवायचा, प्रत्येक थांब्यावरनं निघायच्या आधी, आणि फोटो पाठवायचा. दोन मिनिटाचं काम. सील पण बोल्टवालं, कंटेनरच्या सीलांसाठीचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १७७१२, त्यातल्या 'एच' म्हणजे सगळ्यात मजबूत दर्जाचं, ते तोडायला बोल्ट कटर लागतो, प्लास्टिकचं सील दार उघडलं गेलं एवढंच सांगतं, अडवत काहीच नाही. आणि कोऱ्या सीलांचा गठ्ठा ऑफिसात टेबलावर पडून असेल तर सगळंच फुकट, तो कुलपात पाहिजे आणि नंबर वहीत.

लोक म्हणतात जीपीएस लावा की. लावलंय हो. पण तो सिग्नल वीस हजार किलोमीटर वरच्या उपग्रहावरनं येतो, गाडीपर्यंत पोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की लायटरच्या सॉकेटात बसणारा बोटभर जॅमर त्याला दाबून टाकतो. शिवाय ट्रेलर असेल तर चोर तो दुसऱ्या घोड्याला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, जोडून नेतात, आपला घोडा जीपीएससकट जागेवरच, आणि स्क्रीनवर गाडी उभी दिसतेय म्हणून आपण निवांत. ट्रेलरमध्ये वेगळं युनिट हवं, स्वतःच्या बॅटरीवर चालणारं, लपवलेलं, आणि सिग्नल गेला की अलार्म वाजला पाहिजे. "नेटवर्क नसेल" म्हणून कूस बदलून झोपणारा माणूस रात्रपाळीला ठेवला तर जीपीएस कशाला पाहिजे? सुटा ट्रेलर सोडायचाच असेल तर किंगपिनला, म्हणजे ट्रेलर ज्या खिळीने घोड्याला जोडतात तिला, लॉक, एवढं तरी.

खरा प्रश्न हा की चोराला कळतं कसं कुठल्या गाडीत काय आहे? बाहेरनं सगळे कंटेनर सारखेच. कळतं, कारण आपणच सांगतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, गाडी पाहिजे, अमुक माल, उद्या सकाळी लोडिंग. आता तर ट्रक पळवायचीही गरज उरली नाही, दुसऱ्याच चांगल्या ट्रान्सपोर्टच्या नावाने कोणीतरी भाडं उचलतो, कागद एकदम ओके, गाडी येते आणि आपलीच माणसं माल भरून देतात! खात्री करायला फोन करतात तोही त्याच कागदावरच्या नंबरवर. अहो, तो उचलणार कोण? जुना, आपल्याकडे आधीपासून असलेला नंबर लावा, आणि माल भरण्याआधी गाडीचा नंबर आणि लायसन्सवरचा फोटो समोरच्या माणसाशी ताडून बघा.

लोडिंगच्या जागेपासनंच मागे लागून पहिल्या थांब्याची वाट बघणारे चोर असतात, म्हणून पहिले तीनेकशे किलोमीटर थांबू नये असं सांगतात. बरोबर आहे. पण त्यासाठी डिझेल आधी भरलेलं पाहिजे, आणि ड्रायव्हर झोप झालेला, जेवलेला पाहिजे. आपण करतो काय, त्याला दिवसभर लोडिंगला ताटकळत ठेवतो आणि संध्याकाळी म्हणतो, निघ, कुठे थांबू नको. माणूस आहे तो, थांबणारच, आणि जागा मिळेल तिथे थांबणार.

तेच दुसऱ्या टोकाला. गाडी वेळेवर पोचते आणि माल घेणारी पार्टी म्हणते, आत जागा नाही, सकाळी या. सुट्टी लागून आली तर दोन दोन दिवस. टापा म्हणून एक संघटना १९९७ पासून मालाच्या सुरक्षेवर काम करते, तिने ट्रकसाठी वेगळी आणि पार्किंगसाठी वेगळी अशी मानकं केलीत, म्हणजे उभ्या गाडीचा धोका जाणकारांना माहीत आहे. गोडाऊनच्या आवारात सीसीटीव्ही आणि वॉचमन, आणि लाखमोलाचा माल कुंपणाच्या बाहेर अंधारात, दार उघडता येऊ नये म्हणून गाडी भिंतीला टेकवून उभी करायलाही जागा नाही. माल गेला की मग भरपाई ट्रान्सपोर्टवाल्याने द्यायची आणि चौकशी ड्रायव्हरची.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी अशी बातमी आली की आपल्या बातमीदाराला दोन गोष्टी विचारायला सांगा, गाडी किती तास उभी होती आणि तिला आत कोणी घेतलं नाही.

आपला,
एक वाचक, ट्रान्सपोर्टवाला