लेकीचा फ्लॅट

तीर्थरूप आई-बाबांना मंजूचा साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी ओरडले, ते चुकलंच माझं. बिल भरलं नाही म्हणून रात्री साडेनऊला वीज तोडणार असा मेसेज आला, बाबांनी त्यातल्या नंबरवर फोन लावला, पलीकडच्या 'साहेबा'ने एक ॲप घ्यायला सांगितलं आणि ते डाउनलोड होत असतानाच आपल्याकडची रेंज गेली. एरवी त्या टॉवरच्या नावाने आपण खडे फोडतो, यंदा त्याला नारळ फोडा. महावितरण असले मेसेज कुणाच्या खासगी मोबाईलवरून पाठवत नाही. आणि ते ॲप एकदा बसलं असतं, तर बाबांच्या मोबाईलचा पडदा त्या माणसाला बसल्या जागी दिसला असता, आलेल्या ओटीपीसकट. बाबांनी तो सांगायची गरजच उरली नसती.

पण मला लागलं ते वेगळंच. नंतर आई हळूच म्हणाली, "तुला सांगू नको म्हणत होते. पोरगी बँकेत आणि बाप असा, हसेल म्हणे." आणि मी नेमकं हसण्याच्याही पुढचं केलं. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढतो, लिहिताना जरा ताब्यात राहतो.

तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट माझ्याकडेही आहे. मार्चअखेरच्या गर्दीत आमच्या शाखेत एक बाई आल्या. आईच्याच वयाच्या, पासबुकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेली, अगदी आईसारखीच. तीन एफडी मोडायच्या आणि सगळे पैसे आरटीजीएसने एका खात्यावर पाठवायचे होते. मुदत संपायला दोनच महिने राहिले होते. मी म्हटलं, "व्याज बुडेल मावशी, थांबा की." तर म्हणाल्या, "लेकीच्या फ्लॅटचे भरायचेत." फ्लॅट कुठे, किती खोल्यांचा, सगळं पटापट सांगितलं. पैसे जाणार होते ते खातं परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं होतं. खटकलं, पुन्हा विचारलं. "बिल्डरचंच आहे ते." पाणी दिलं, त्यांनी ग्लासला हात लावला नाही. पर्समधला फोन चालू होता आणि आमचं बोलणं कुणीतरी ऐकत होतं, हे मला कळलं नाही. स्वतःचे पैसे मागायला आलेल्या माणसाला बँक किती अडवणार? मी सही केली.

तिसऱ्या दिवशी त्या लेकीला घेऊन आल्या. लेक भाड्याच्या घरात राहते. फ्लॅट-बिट काही नव्हताच.

चार दिवस खोट्या पोलिसांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर स्वतःच्याच घरात डांबून ठेवलं होतं. तुमच्या आधारवर कुणी सिम घेतलंय, मनी लाँडरिंगचा गुन्हा आहे, पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात ठेवा, निर्दोष निघालात की परत मिळतील. बँकेत काय उत्तरं द्यायची तेही घोकून घेतलं होतं. तो फ्लॅट त्यांनीच बांधून दिला होता. याला डिजिटल अरेस्ट म्हणतात. असली अटक कायद्यात नाहीच, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. बाबा, तुम्ही ते रेडिओवर ऐकून मलाच फोन केला होता. त्या बाईंनीही ऐकलं होतं. तेव्हा फोन लावला की वाजायची ती अमिताभच्या आवाजातली सायबर फसवणुकीची सूचनाही त्यांना पाठ होती. पण "मुलीला सांगितलंत तर तिलाही उचलावं लागेल" एवढं ऐकल्यावर त्यातलं काही आठवलं नाही.

तेव्हा फसवणुकीचे प्रकार पाठ करा, असं मी म्हणणारच नाही. आज वीजबिल, नोव्हेंबरात हयातीचा दाखला, मग आणखी काही. कुठवर पुरणार? एवढंच धरून ठेवा, की "घरी कुणाला सांगू नका" असं जो म्हणेल तो चोर. खरा पोलीस, खरी बँक, खरं पेन्शन ऑफिस असं म्हणत नाही. ते शब्द कानावर पडले की फोन ठेवायचा आणि मला लावायचा. काउंटरवर रांग असली तरी मी उचलेन.

आणि गेलेच पैसे, तरी आधी मला आणि लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला. हा नंबर कालनिर्णयावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. चोरलेले पैसे एका खात्यात पडून राहत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून ते काही मिनिटांत पुढे सरकतात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून निघून जातात. १९३० ला तक्रार गेली की वाटेतल्या बँका शिल्लक असेल ती अडवतात. त्या मावशींचं तिसऱ्या दिवशी फारसं काही उरलं नव्हतं. (सुज्याला जरा विचारा, कमिशनवर खातं वापरायला देण्याबद्दल तो दिवाळीत काय बोलत होता. ही भाड्याची खाती म्हणजे तेच. पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतील.)

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं होतं. आपली काही चूक नसताना पैसे गेले आणि कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाला भुर्दंड नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. बाबा, लाजेपोटी गप्प बसलात तर ती लाज कितीला पडेल, त्याचा हिशोब तुम्हीच करा. गणित तुमचाच विषय.

दुसऱ्या शनिवारी मी येते. पेन्शनच्या खात्यावरचं यूपीआय काढून टाकू आणि वाणसामानापुरतं एक वेगळं खातं उघडू, त्यात चार-पाच हजारांच्या वर ठेवायचे नाहीत. आई, भिशीचे पैसे पाठवते म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला तर टाकू नकोस. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. आणि बाबा, मी तुमचा मोबाईल हातात घेतला की तोंड पाडून बसू नका.

तुमची,
मंजू

ता. क. व्हॉट्सॲपवर शिंद्यांच्या मुलाची लग्नपत्रिका म्हणून एखादी फाइल आली असेल, तर उघडू नका. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नसते, मोबाईलमध्ये बसणारं ॲप असतं. खरंच लग्न असेल तर शिंदेकाकू अक्षत घेऊन दारात येतीलच. त्या काय सोडतात होय!