फ्रेम फिरवून लावा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मुळ्यांचा फोटो झकास आहे, पण एवढ्या फुगलेल्या मुळ्या कुठल्या झाडाच्या?" मी गप्प झाले, कारण त्यात झाड नाहीच. ओहोटीला खाडीच्या चिखलातून पाणी उतरतं, त्याने कोरलेल्या घळी आहेत त्या. वर आलेल्या नाहीत, खोल गेलेल्या आहेत. फ्रेम उलटी लागली आहे. चूक माझी, मागे वरची बाजू कुठली ते मी लिहिलंच नाही.

असं का होतं ते सांगते. उजेड वरूनच येतो असं आपले डोळे गृहीत धरतात. मी तो फोटो हेलिकॉप्टरमधून, सूर्य नुकताच वर आला असताना काढला आणि त्यात ऊन वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतं. फ्रेम फिरली की तेच ऊन खालून येतं, मग मन सावलीचा अर्थच बदलतं आणि खड्ड्याचा उंचवटा होतो. चंद्राच्या फोटोतली विवरंही अशीच टेकड्यांसारखी दिसू लागतात. नकाशात डोंगर छायेने दाखवतात तेव्हा ऊन वायव्येकडून पडतंय असं धरतात, तेही याचसाठी. खरं तर उत्तरेकडच्या बहुतेक देशांत सूर्य त्या दिशेला भर दुपारी कधीच नसतो. माझं सगळं काम या सावलीवर उभं आहे. दुपारी तीच जमीन सपाट, पोळीसारखी दिसते, म्हणून मी पहाटे निघते.

आई, तुझी काळजी दाराची. हो, हेलिकॉप्टरचं दार काढलेलंच असतं, कारण काचेतून फोटो धूसर येतो. पण मी पट्ट्यांनी जखडलेली असते आणि कॅमेराही माझ्याशी बांधलेला असतो. लेन्सचं हूड, म्हणजे तिच्या तोंडावरची ऊन अडवणारी कड, मी जमिनीवरच काढून ठेवते. ते उडून मागच्या पंख्यात गेलं तर जिवावर बेतेल. हवेत लेन्स बदलायची नाही, म्हणून कॅमेरे दोन. कोपर कुठेही टेकवायचं नाही, नाहीतर यंत्राची थरथर थेट फोटोत उतरते. शटर तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही जलद ठेवावं लागतं. गारठ्याने बोटं बधिर होतात. तू विणलेले, बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे त्याच वेळी घालते. उजव्या अंगठ्यापाशी उसवलाय, पण दुसरे नकोत मला.

पुष्कळदा रिकाम्या हाती परतते. धुकं असतं, किंवा भरती आधीच चढलेली असते. अशा दिवशी मला नादार आठवतो. या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ फुग्यातून पहिला हवाई फोटो काढला. तेव्हा फोटो काचेवर घेत, आणि त्याआधी त्याच्या काचा पुन्हा पुन्हा काळ्याच निघत होत्या. काचेवरचं रसायन ओलं असतानाच सगळं उरकावं लागे, म्हणून काळोखी खोली फुग्याच्या टोपलीतच होती, आणि फुग्यातून सुटणारा वायू ते रसायन नासवत होता. वायूचं तोंड बंद ठेवलं तेव्हा कुठे अंधूक चित्र उमटलं. तो फोटो आज उरलेला नाही. उरलेल्यांत सर्वांत जुना बॉस्टनचा, १८६० चा.

बाबा, तुम्ही म्हणता हे तर मोजणीखात्याचं काम. त्यांना प्रत्येक फोटोत माप हवं असतं. मी माप मुद्दाम काढून टाकते: क्षितिज नाही, माणूस नाही, होडी नाही. मग बघणारा थबकतो आणि स्वतःच्या डोळ्यांनी शोधू लागतो. तुम्ही मुळ्या शोधल्यात, याचा मला फार आनंद झाला.

खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'ए. पी.' लिहिलंय, ते कलाकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रतीवर लिहितात. विकायच्या प्रतींवर क्रमांक असतो. ही विकायची नव्हतीच.

फ्रेम जड आहे. आई, तू एका बाजूने धर. बाबांना एकट्याला स्टुलावर चढू देऊ नकोस. पेन्सिलीची अक्षरं सुलटी आणि खाली आली की बरोबर. लावून झालं की चार पावलं मागे जाऊन बघा, आणि घळी दिसल्या की लगेच फोन करा.

तुमची लेक