बदललेली गोळी डिस्चार्ज कार्डावर लिहा

महोदय,

डॉक्टरांनी लिहिलेले औषध रुग्णालयाच्या फार्मसीत नसले, की त्याच कामाचे दुसरे दिले जाते. नुसती कंपनी नव्हे, औषधच बदलते. कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिनऐवजी ॲटॉर्व्हास्टॅटिन, बीपीसाठी टेल्मिसार्टनऐवजी लोसार्टन. मी नोकरीची सारी वर्षे अशाच फार्मसीत काढली. या पद्धतीला माझा विरोध नाही. एका गटातल्या मोजक्याच गोळ्या ठेवल्या तर साठा सांभाळता येतो, खर्चही आटोक्यात राहतो.

पण कशाच्या जागी काय आणि किती, हे काउंटरवर ठरता कामा नये. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमच्या जागी ॲटॉर्व्हास्टॅटिन १० दिली तर आकडा जुळतो, ताकद जुळत नाही. निदान २० लागते. स्टेंट टाकून क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी गोळी सुरू असलेल्याला पँटोप्राझोलऐवजी ओमेप्राझोल दिले, तर ॲसिडिटी थांबेल, पण क्लोपिडोग्रेलचा असर कमी होईल. शेड्यूल एच आणि एक्समधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या, औषधांच्या चिठ्ठीवर परस्पर दुसरे काही देण्यास १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ (११अ) मनाई करतो. म्हणूनच डॉक्टरांच्या समितीने ठरवलेली यादी हवी आणि प्रत्येक बदलावर डॉक्टरांची सही हवी.

खरा घोळ होतो तो घरी गेल्यावर. शेजारच्या काकूंनी परवा गोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. घरची टेल्मिसार्टन आणि रुग्णालयाने बदलून दिलेली लोसार्टन, दोन्ही रोज सकाळी सुरू! पाकिटांवरच्या ब्रँडच्या नावांत काडीचे साम्य नाही. त्यांना कळावे कसे? उठताना चक्कर येत होती, ती घरच्यांनी अशक्तपणावर घातली. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर बीपी फार उतरतो, पोटॅशियम वाढू शकते, किडनीला धोका असतो. डिस्चार्ज कार्डावर लोसार्टन होती. ‘जुनी गोळी बंद’ हे मात्र कुठेच नव्हते.

नागपुरातले मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय असो, की धंतोली-रामदासपेठेतले खासगी रुग्णालय, कार्डावर मराठीत एवढी ओळ लिहिणे सक्तीचे करा: ‘ही गोळी अमुक गोळीच्या जागी आहे, दोन्ही घेऊ नका, घरी यातली अमुकच घ्यायची.’ भंडारा-गडचिरोलीहून आलेला रुग्ण एवढे विचारायला पुन्हा नागपूरला कसा येणार? अन्न व औषध प्रशासनाने फार्मसीच्या तपासणीत बदललेल्या औषधांची नोंदवहीही मागावी.

एक निवृत्त फार्मासिस्ट, नागपूर