निविदेत ‘सँड ब्लास्टिंग’ एवढेच लिहून भागत नाही

महोदय,

पाऊस ओसरला की कोकणपट्टीत खाडीपुलांचे कठडे, जेट्टीचे लोखंडी खांब, टाक्यांचे जिने रंगवायची कामे निघतात आणि पुढच्या पावसाळ्यातच पोपडे सुटू लागतात. खापर रंगावर फुटते. खरा घोळ बहुधा रंगाखाली असतो. निविदेत ‘सँड ब्लास्टिंग करून रंगकाम’ एवढीच ओळ. सँड ब्लास्टिंग म्हणजे दाबाच्या हवेने वाळूसारखे कण लोखंडावर मारून ते साफ करणे. पृष्ठभाग किती साफ हवा, कशाने करायचा आणि तपासायचा कुणी, याचा पत्ता नाही. मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून काम उरकले जाते. त्याने गंज निघत नाही, घासून काळा चकचकीत होतो, आणि त्या चकाकीवर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही.

वाळू तर वापरूच नये. लोखंडावर आपटून तिचा बारीक भुगा होतो, त्यातली सिलिका फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. ब्रिटनने 1949 मध्येच कारखान्यांतील ब्लास्टिंगसाठी वाळूवर बंदी घातली. त्यात वाळू खाडीची असेल तर आपण मीठच लोखंडावर मारतो. त्याऐवजी गार्नेट (कठीण खनिजाचे कण) किंवा कॉपर स्लॅग (तांबे गाळताना उरणारी मळी) सहज मिळते. तरीही नोझल (कण फेकणारी तोटी) धरणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारे हेल्मेट लागतेच, आणि जुना रंग शिशाचा असेल तर धूळ खाडीत जाऊ नये म्हणून भोवती बंदिस्त आडोसाही.

निविदेत सफाईचा दर्जा ‘एसए 2½’ असा स्पष्ट लिहावा. म्हणजे फिकट डागांपलीकडे गंज, जुना रंग, मिल स्केल (कारखान्यात लोखंड तापवून लाटताना बसलेली काळी पापडी) काही उरता कामा नये. खरखरीतपणाची खोली 50 ते 75 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). याहून खोल गेला तर टोके पातळ प्रायमरमधून वर येतात आणि टाचणीच्या डोक्याएवढे गंजाचे ठिपके दिसू लागतात.

किनाऱ्यावर सर्वांत जास्त फसवणूक करते ते मीठ. जुन्या गंजाच्या खड्ड्यांत क्लोराइड दडलेले असते आणि कोरड्या ब्लास्टिंगने ते पुरते निघत नाही. सकाळी करडे-पांढरे दिसणारे लोखंड दुपारपर्यंत खड्ड्याखड्ड्यांत काळवंडले, तर मीठ आहे असे समजावे. तसेच रंगवले तर मीठ रंगाच्या थरातून ओल ओढते आणि फोड येतात. उपाय सोपा पण वेळखाऊ आहे: दाबाने गोडे पाणी मारून धुणे, वाळवणे, पुन्हा ब्लास्टिंग. ब्रेसल पट्टी (पृष्ठभागावरचे क्षार मोजायची चिकटपट्टी) चिकटवून मोजणी करावी. उघड्या हवेतल्या कामाला चौरस मीटरला 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्षार चालवू नयेत.

ब्लास्टिंगच्या हवेकडेही कुणी बघत नाही. दाब कॉम्प्रेसरवर नव्हे, नोझलजवळ होजमध्ये सुईचा गेज खुपसून मोजायचा. तिथे दाब 100 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असायला हवा. त्याखाली दर पीएसआयला कामाचा वेग साधारण दीड टक्क्याने घटतो. तीन अष्टमांश इंची नोझलला सुमारे 200 सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवा लागते. तेच झिजून अर्धा इंच झाले की सुमारे 340. कॉम्प्रेसर तेवढाच राहिला की दाब कोसळतो. म्हणून भोक दीड मिलिमीटरने वाढले की नोझल बदलावे. ग्रिट (मारायचे कण) बंद ठेवून हवेच्या झोतासमोर पांढरा टिपकागद मिनिटभर धरा. ओल किंवा तेलाचा डाग उठला तर ट्रॅप (हवेतले पाणी-तेल अडवणारा भाग) साफ केल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

ब्लास्टिंग झाले की त्याच दिवशी, शक्यतो चार तासांत, प्रायमर लागला पाहिजे. आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल, किंवा लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते) किमान 3 अंश सेल्सिअसने गरम नसेल, तर त्या दिवशी ब्लास्टिंगच करू नये. किनाऱ्यावर पहाटेचे काम यातच बाद होते.

राहिला प्रश्न पैशाचा. आज बिल रंगाच्या हातांवर निघते, म्हणून सफाईत हात आखडला जातो. ब्लास्टिंग, क्षारमोजणी आणि रंग यांचे दर वेगळे लावावेत, आणि अभियंत्याने प्रायमरपूर्वी पाहून सही केलेल्या चौरस मीटरचेच पैसे द्यावेत.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी