अंदमान बोटमुक्काम : जाणाऱ्या सगळ्यांसाठी सूचना

मंडळी, धान घरात आलं की जानेवारीत आपण दोस्ताच्या शिडाच्या बोटीवर राहायला जाणार आहोत. त्याआधी येत्या रविवारी सकाळी ९ वाजता मारोतीच्या पारावर बैठक आहे. जाणाऱ्या प्रत्येकाने यायचंच, आधारकार्डाची झेरॉक्स आणायची.

बोट म्हणजे दोस्ताचं आणि त्याच्या बायकोचं घर आहे, लॉज नाही. म्हणून:

- कडक सुटकेस नको, ठेवायला जागा नसते. घडी होणारी कापडी बॅग आणा.
- गोडं पाणी टाकीत असेल तेवढंच. आंघोळ समुद्रात, वरून दोन तांबे गोड्या पाण्याचे. टँकरची वाट पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.
- संडासात कागद, कापूस काही टाकायचं नाही. पंप तुंबला की उघडून साफ करावा लागतो, आणि ते काम यजमानाच्याच अंगावर येतं.
- खर्रा (सुपारी-तंबाखू) बंद. पांढऱ्या डेकवर पिचकारी मारणाऱ्याला पोहत परत पाठवू!
- मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या आधी घ्या. त्रास झालाच तर खाली केबिनमध्ये जाऊ नका, वर बसून क्षितिजाकडे पाहा.
- पोवळं उचलणं गुन्हा आहे. शंखशिंपलेही तिथंच राहू द्या.

किराणा आणि डिझेलचा खर्च आपण वाटून घेऊ. दोस्त नाही म्हणेल, तरी द्यायचा. सावजी मसाला मात्र त्याने आवर्जून मागितला आहे.

स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक बेट) नेमकं कधी पोचू ते वारा ठरवेल, म्हणून परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.